पहिलं बाळंतपण आणि निवासी दाखला

जून सरत आला की आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतली माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं विसरतात. सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेलं की एकच प्रश्न, "आया क्या?" काय आलं, कुणाचं आलं, हे सांगावं लागत नाही. ज्याच्या घरात बारावी झालेलं पोर आहे त्याला तो बरोबर कळतो, आणि ज्याच्या घरात नाही तोही विचारून आपली हौस भागवून घेतो. शेजारच्या दुबे भाभींचा मुलगा यंदा त्या रांगेत आहे. भाभी एका हाताने झारा आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून स्वयंपाक करतात. काल त्यांनी भाजीत जिऱ्याऐवजी ओवा टाकला आणि जेवताना घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं मला सांगून हसल्या. हसता हसता डोळे पुसले. मी म्हटलं, "हो जाएगा, भाभी." एवढं बोलून घरात आले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाभींचा राग नव्हे. त्या दोन शब्दांचा. आमच्या थोरल्या लेकीच्या, मृणालच्या वेळी हे शब्द मला अख्ख्या गावाने ऐकवले होते.

राग ताजा राहावा म्हणून मी काही करत नाही. तो आपोआप राहतो. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतो. माझं पाणी काही निवळलं नाही बुवा.

छत्तीसगढ हे नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही तेव्हा ब्राह्मणपाऱ्यात राहत होतो. हे रेल्वेत, गुढियारीकडच्या माल ऑफिसात. राज्य झालं त्या दिवशी आम्हीही अंगणात पणत्या लावल्या होत्या. मृणालने आणि धाकट्या ईशाने फुलबाज्या उडवल्या, मी गुलगुले तळून पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, वाटले. आपलं गाव राजधानी झालं याचा मला खरोखर आनंद झाला होता. मग गाव बदलायला लागलं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'मध्य प्रदेश' पेंटर पत्र्याने खरवडायचे आणि त्याच जागेवर 'छत्तीसगढ़' लिहायचे. स्कूटरांचे नंबर बदलले. लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, घरभाडी वाढली, आणि जिकडे बघावं तिकडे रस्ता खणलेला. जून-जुलैत त्या खड्ड्यांत गढूळ पाणी साचे आणि उमस अशी की कूलर लावला तर अंग चिकट, बंद केला तर जीव गुदमरे.

मृणालला ते खड्डे आवडत. शाळेतून येताना सायकल टेकवून ती उभी राहायची. पाया कसा भरतात, सळया कशा बांधतात, ते बघायची आणि उशिरा घरी यायची. मी ओरडले तर म्हणायची, "मम्मी, वो लोग नाली का ढाल उल्टा दे रहे हैं." म्हणजे गटाराला उतार उलटा देताहेत. आमच्या घरात मी मराठीत बोलायचं आणि पोरींनी हिंदीत उत्तर द्यायचं, ही रीतच होती. तिला सिव्हिल इंजिनीअर व्हायचं होतं. नात्यातल्या बायका म्हणाल्या, "पोट्टीच्या जातीनं उन्हात उभं राहून मजूर हाकायचे काय?" मी म्हटलं, हाकू दे. प्रवेश परीक्षेत तिने नंबरही असा आणला की सरकारी कॉलेजात सिव्हिलची सीट तिची झाल्यातच जमा. खाजगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतं, त्यामुळे सरकारी सीट हीच एक वाट होती. फक्त निवासी दाखला जोडायचा राहिला होता. ह्यांनी तो आणायचं काम इतकं किरकोळ समजलं की ऑफिसला जाता जाता खिडकीवर कागद देऊन येतो म्हणाले.

खिडकीवरच्या बाबूने जन्मदाखला पाहिला. पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "जन्म नागपुर का है. बच्ची तो महाराष्ट्र की हुई."

आता हे मी कुणाला समजावू? आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात सासूबाईंनी माझी ओटी भरली, हिरवी साडी दिली, आणि माझा भाऊ विनय मला न्यायला आला. गाडीत मी खिडकीशी बसून आवळा चघळत गेले. नागपूरला महालातल्या एका लहानशा दवाखान्यात मृणाल झाली. मग सव्वा महिना बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला घट्ट फडकं. माझी आई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि वाफेने सगळी खोली भरून जायची. बाळाला घेऊन रायपूरला परतले तेव्हा स्टेशनावर सगळं घर आलं होतं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या दिवसापासून ती पोर रायपूर सोडून कुठे राहिली असेल तर फक्त उन्हाळ्याच्या सुटीत, मामाकडे. तिला पहिला दात इथे आला, ती पडली इथे, बोलली इथे, बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकली इथे. आणि बाबूच्या लेखी ती बाहेरची.

हे शांत माणूस. घरी येऊन चहा मागितला आणि म्हणाले, "अजून काही कागद लागतील. होईल." मी दुसऱ्या दिवशी स्वतः गेले.

कचेरीच्या व्हरांड्यात पोचते तर काय, आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकूच जणू तिथे भरलेलं. कुणाची पोर अमरावतीला जन्मलेली, कुणाचा पोरगा वर्ध्याला, कुणाचा गोंदियाला. सगळी पहिली बाळंतपणं. सगळ्या जणी ओटीतल्या खणा-नारळासकट माहेरी गेलेल्या आणि आता त्याची सफाई द्यायला रांगेत उभ्या. एकीने हसून म्हटलं, "आपण साऱ्या जणी गुन्हेगार आहो बाप्पा." माझ्यामागे एक छत्तीसगढी बाई होती, हातात पोरीचे कागद पिशवीत गुंडाळलेले. तिचं माहेर सीमेपलीकडे ओडिशात. ती म्हणाली, "मोर नोनी घलो ममा घर म होय हे, दीदी." म्हणजे माझीही पोर मामाच्याच घरी झाली. हिचं सासर तर इथल्या मातीतलं, सात पिढ्यांचं. तिलाही तेच उत्तर मिळालं होतं. मी तिच्याशी बोलले तेवढाच त्या व्हरांड्यात माझा जीव जरा थंड झाला.

बायका बाळंतपणाला कुठे जातात हे ज्यांना ठाऊक नाही, ते माणसं कुठली हे ठरवायला बसतात. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांत एक तरी बाळंतीण असती, तर तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं की बाबांनो, आमच्याकडे जन्म एका गावी होतो आणि आयुष्य दुसऱ्या गावी जातं. सासर हेच तुझं घर म्हणून बाईला जन्मभर बजावायचं, आणि तिच्या लेकराचं गाव मात्र ती सव्वा महिना जिथे निजली ते धरायचं! हा कुठला न्याय?

बाबू मला म्हणाला, "ठीक है, पिता का जन्म बताइए. पिता यहाँ के हों तो देख लेंगे." मला हायसं वाटलं. आमचं सासरचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. म्हणजे हे राज्य, त्याच्या आधीचं राज्य आणि त्याच्याही आधीचं इंग्रजांचं राज्य, सगळ्यांच्या आधीपासून आम्ही इथे. घरी आले आणि ह्यांना म्हटलं, तुमचा जन्मदाखला काढा. ह्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी आईच्या माहेरी झालो. वर्ध्याला."

तेवढ्यात आमचे चुलत सासरे, अण्णाकाका, आले. त्यांना विचारलं, काका, निदान मामंजींचा जन्म तरी इथला असेल? काका म्हणाले, "दादा? दादा तं भंडाऱ्यात झाला. आजोळी." मी कपाळाला हात लावला. पिढ्यानपिढ्या रायपुरात राहून आमच्या घरात एकाही थोरल्याचा जन्म रायपुरात झालेला नव्हता. दुसरं बाळंतपण सासरी होतं, त्यामुळे धाकटे मात्र सगळे इथले. अण्णाकाका इथले. आमची ईशा इथली. एका आईच्या पोटच्या दोन लेकी, एक छत्तीसगढची आणि एक परप्रांतीय! ईशाने त्या दिवशी ताईला चिडवलं, "दीदी, तुम तो बाहर वाली हो." रोजच्यासारखी भांडणं होतील म्हणून मी वळले, तर मृणाल उठली. न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

अण्णाकाकांना मात्र आपला रायपूरचा जन्म हे आपलं कर्तृत्व वाटायला लागलं. झोपाळ्यावर बसून नाकाने कांदे सोलत म्हणाले, "पण मी म्हणतो सूनबाई, तू गेलीच काहून नागपूरले? इथं काय दवाखाने नव्हते?"

मी सासऱ्यांच्या बरोबरीच्या माणसांना उलट बोलले नव्हते कधी. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "अण्णाकाका, मी गेले नव्हते, तुम्ही पाठवलं होतं. स्टेशनवर माझी ट्रंक तुम्हीच चढवून दिली. आणि नागपूरची नात झाली म्हणून साऱ्या पाऱ्यात पेढे कोण वाटून राहिलं होतं?" काकांनी पायाने झोपाळा थांबवला. "तशी गोष्ट नाही," म्हणाले, "मी आपलं बोललो." पण पुढे जो तो तेच बोलला. नणंद फोनवर बोलली, मंडळातल्या लेकुरवाळ्या बोलल्या, एवढंच काय, नागपूरची माझी सख्खी मावशी म्हणाली की तुझ्या आईने तेव्हाच विचार करायला हवा होता. दोन सरकारं, तीन खिडक्या, एक बाबू, आणि दोष कुणाचा तर बाळंतिणीचा.

विनयला म्हटलं, इथे नाही तर तिथे बघ. जन्म तुमच्या गावचा म्हणतात ना, मग तुम्ही घ्या. तो बिचारा दोन-तीन ठिकाणी हेलपाटे घालून आला आणि फोनवर म्हणाला, "ताई, इथले म्हणून राहिले का जन्म इथला ते ठीक, पण दहावी-बारावी इथली पाहिजे. पोट्टी तं तिकडं शिकली." भोपाळ-इंदूरकडे चौकशी केली, तर तिथे आता आम्ही वेगळ्या राज्याचे. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. तिच्यात जुनं राज्य, नवं राज्य आणि माहेरचं राज्य अशी तिघांची सोय आहे हे त्या वर्षी कळलं.

वाट बघणं म्हणजे काय ते पुरुषांना अर्धंच ठाऊक असतं, कारण ते ऑफिसला जातात. घरात जी राहते तिला टेलिफोनची प्रत्येक घंटा अंगावर घ्यावी लागते. त्या पावसाळ्यात माझी पोळी रोज करपली. कपडे वाळायचे नाहीत, घरभर दमट वास. जांभळं विकणारी बाई दारात यायची. मृणालला जांभळं जीव की प्राण, पण त्या वर्षी तिने जीभ जांभळी केली नाही. सकाळी उठून आंघोळ करून, वेणी घालून ती बाहेर जायच्या कपड्यांत बसायची. कुठे जायचं असायचं असं नाही. अचानक बोलावलं तर उशीर नको, म्हणून. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "मम्मी, मैं बाहर की हूँ क्या?" मी म्हटलं, "तुले कोणी म्हटलं? त्याचं थोबाड दाखव मले." ती हसली. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने हे विचारावं, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून! अजूनही मेथीची जुडी सोडली की मला ते आठवतं आणि माझे हात थांबतात.

हे रोज काही ना काही कागद नेत होते. शाळेच्या मोठ्या बाईंचं पत्र, रेल्वेचं पत्र, शपथपत्र. खिडकी प्रत्येक कागद घ्यायची आणि "कल आइए" म्हणायची. कॉलेजप्रवेशाची पहिली यादी लागली. दुसरी लागली. तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीच्या दिवशी आम्ही दोघी समक्ष गेलो. हॉलच्या भिंतीला यादी डकवलेली. मृणालच्या नंबराच्या कितीतरी खालची मुलं सिव्हिलमध्ये गेली होती. त्यांचं मला काही नाही, पोरं ती, सुखी राहोत. टेबलामागच्या माणसाने मृणालचे गुण पाहिले, अगदी मनापासून "वाह बेटा" म्हणाला, आणि कागद परत केले. दाखला नव्हता. दुपारी आम्ही सायकलरिक्षाने घरी आलो. वाटेभर खणलेला रस्ता, यंत्रांचा खडखडाट. पोरीने मान वर केली नाही.

आणि दाखला कधी मिळाला म्हणाल, तर त्यानंतर. वरातीमागून घोडे. कुणी नवीन साहेब बदलून आले होते. ह्यांना त्यांच्यापुढे उभं राहायला मिळालं. साहेबांनी शाळेचं पत्र पाहिलं आणि म्हणाले, "बच्ची बचपन से यहीं पढ़ी है ना? फिर जन्म से क्या लेना-देना?" आणि सही केली. इतकंच! नियम पहिल्यापासून तसाच होता. इथे वाढलेलं, इथे शिकलेलं पोर इथलंच. खिडकीवरच्या बाबूने तो वाचला नव्हता, किंवा वाचून जोखीम नको म्हणून कानावर हात ठेवले होते. वाईट माणूस होता असंही नाही. मला एकदा बसायला स्टूल दिलं होतं त्याने. पण अशी बरी माणसंच आपल्या आयुष्यावर बसून राहतात आणि उठा म्हणायची सोय नसते.

मृणालने मग गणितात बी.एस्सी. केलं, पुढे एम.एस्सी. केलं. पुन्हा प्रवेश परीक्षा दे म्हटलं तर नको म्हणाली. आज ती पुण्याला कॉलेजात शिकवते, तिचे विद्यार्थी तिच्यावर जीव टाकतात, संसार चांगला आहे. त्यामुळे आता सगळे मला म्हणतात, बघ, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. परवा मंडळात एकीने हेच ऐकवलं. मी तिला सांगितलं, चांगलं झालं ते माझ्या लेकीने केलं. तिच्या मेहनतीचं श्रेय मी त्या खिडकीला देणार नाही. भिंत कोसळल्यावर त्याच विटांची कुणी चूल मांडली, तर ती भिंत पाडणाऱ्याची पुण्याई नसते. चहा थंड झाला असं म्हणून बाई उठून गेली. जाऊ दे.

दुबे भाभींना आज संध्याकाळी मी 'हो जाएगा' म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर नुसती बसेन, आणि कुठल्या कचेरीत जायची वेळ आली तर बरोबर जाईन. मला मोठ्याने बोलता येतं, त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.

दाखला घरी आला तो दिवस श्रावणातला होता. ऊन-पाऊस चाललेला. हे ऑफिसातून लवकर आले, आणि येताना पेढे घेऊन आले. काय म्हणावं या माणसाला! सीट गेलेली, पण हातात सहीशिक्क्याचा कागद आला की पेढे आणायचे, एवढीच रीत त्यांना माहीत. पावसात भिजू नये म्हणून तो त्यांनी शर्टाच्या आत ठेवला होता. अण्णाकाका झोपाळ्यावर होतेच. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "चला, झालं एकदाचं. पोट्टी आता पक्की इथली झाली." मृणाल वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हात ओढणीला पुसले, कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडात उभी राहून पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळा वाचला. घाई केली नाही. मग तो बाबांच्या हातात परत दिला.

"पापा, इसमें लिखा है कि मैं रायपुर की हूँ."

"हो बेटा," हे म्हणाले.

"ये तो मुझे पहले से मालूम था."